एक्सस्केममध्ये इन्व्हर्टर नीट दिसतो, पण सिम्युलेशन चालत नाही: दोष कुठे शोधायचा

दोन ट्रान्झिस्टर, एक पुरवठा, एक इनपुट स्रोत, एक कपॅसिटर आणि ग्राउंड. सीमॉस इन्व्हर्टरच्या, म्हणजे इनपुट उलटं करून देणाऱ्या सर्किटच्या, स्केमॅटिकमध्ये (एक्सस्केम या प्रोग्राममध्ये काढलेल्या चित्रात) एवढंच असतं, तरी चिप डिझाइन शिकायला बसलेले बरेच जण याच चित्रावर अडतात. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी दिसतं. एनजीस्पाइस हा सिम्युलेटर मात्र एक तर एरर देऊन थांबतो, नाहीतर आऊटपुटची सपाट रेघ दाखवतो. मग तारा पुसायच्या, पुन्हा काढायच्या. कधी चालून जातं, आणि पुढच्या सर्किटला तीच अडचण परत उभी.

ही अडचण परत परत येते, कारण दुरुस्ती चित्रात केली जाते आणि नेटलिस्ट, म्हणजे कोणता घटक कुठे जोडला आहे याची यादी, कोणी उघडतच नाही. एनजीस्पाइसला तुमचं चित्र दिसत नाही. एक्सस्केम चित्रावरून जी मजकुराची फाइल लिहितो, तेवढीच त्याला मिळते. इन्व्हर्टरच्या फाइलमध्ये कामाच्या ओळी पाच. त्या पाच ओळी वाचता आल्या की खालच्यापैकी बहुतेक दोष बघताक्षणी सापडतात.

इथलं सगळं एक्सस्केम, एनजीस्पाइस आणि स्काय१३० पीडीके (चिप कारखान्याच्या प्रक्रियेसाठीचा मॉडेल आणि चिन्हांचा संच) या तिघांना धरून आहे. स्काय१३० म्हणजे गूगल आणि स्कायवॉटरने २०२० मध्ये सर्वांसाठी खुली केलेली १३० नॅनोमीटरची चिप बनवण्याची प्रक्रिया. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं चित्र कायकॅड या दुसऱ्या प्रोग्राममध्ये निघतं, पण त्यामागेही एनजीस्पाइसच आहे. त्यामुळे नेटलिस्ट वाचण्याचा भाग त्यांनाही जसाच्या तसा लागू पडेल.

आधी बरोबर नेटलिस्ट कशी दिसते ते पाहा

शिफ्ट आणि ए दाबलं की नेटलिस्ट बनल्यावर ती लगेच वेगळ्या खिडकीत दाखवण्याची सोय चालू होते. मग वरच्या पट्टीतलं नेटलिस्ट बटण दाबा. सिम्युलेशन मेनूतूनही फाइल उघडता येते. जागा बदलली नसेल तर ती होम फोल्डरमधल्या लपलेल्या एक्सस्केम फोल्डरात, सिम्युलेशन्स या नावाच्या उपफोल्डरात असते. इन्व्हर्टरसाठी त्यात साधारण हे दिसायला हवं. फाइलमध्ये अक्षरं रोमन असतात, इथे तीच देवनागरीत दिली आहेत:

एक्सएम१ आऊट इन जीएनडी जीएनडी स्काय१३०_एफडी_पीआर__एनफेट_०१व्ही८ एल=०.१५ डब्ल्यू=१
एक्सएम२ आऊट इन व्हीडीडी व्हीडीडी स्काय१३०_एफडी_पीआर__पीफेट_०१व्ही८ एल=०.१५ डब्ल्यू=२
व्ही१ व्हीडीडी जीएनडी १.८
व्ही२ इन जीएनडी पल्स(० १.८ १एन १००पी १००पी ४एन ८एन)
सी१ आऊट जीएनडी १०एफ

ट्रान्झिस्टरच्या ओळीत डब्ल्यूनंतर एडी, एएस, पीडी, पीएस अशी आणखी लांबलचक शेपटी असते. ती ड्रेन आणि सोर्सच्या क्षेत्रफळाची गणितं आहेत, सध्या सोडून द्या. लक्ष द्यायचं ते नावानंतरच्या चार शब्दांकडे. त्यांचा क्रम ठरलेला आहे: ड्रेन, गेट, सोर्स, बॉडी. दोन्ही ट्रान्झिस्टरचे ड्रेन आऊटवर, दोन्ही गेट इनवर. खालच्याचे (एनमॉस) सोर्स आणि बॉडी ग्राउंडवर, वरच्याचे (पीमॉस) पुरवठ्यावर. फाइलच्या सुरुवातीला दोन तारकांमागे सबसीकेटी असं लिहिलेली ओळ दिसली तर घाबरू नका. ती टिप्पणी आहे, एरर नव्हे.

आता मोजा. आऊट हे नाव तीन ओळींत आलं पाहिजे, इन तीन ओळींत. नेट१, नेट२ अशी तुम्ही न दिलेली नावं दिसली तर ती एक्सस्केमने स्वतः ठेवलेली आहेत, म्हणजे तिथे तुमचं लेबल पोचलेलंच नाही. आणि संपूर्ण फाइलमध्ये एखादं नाव एकदाच येत असेल, तर ते टोक लोंबकळतं आहे. या एका नियमावर अर्धे दोष पकडले जातात.

तार लागलेली दिसते, पण लागलेली नसते

एनजीस्पाइसने सिंग्युलर मॅट्रिक्स म्हणून इशारा दिला आणि पुढे नेट१ सारखं नाव सांगितलं, तर बहुधा एखादा गेट कुठेच जोडलेला नाही. गेटमधून डीसी प्रवाह जात नाही. त्यामुळे मोकळ्या गेटचा व्होल्टेज किती धरायचा याला समीकरणात उत्तरच उरत नाही.

कारण बहुतेक वेळा ग्रिड असतं. एक्सस्केममध्ये स्नॅप, म्हणजे रेघा ज्या अंतराच्या पटीत बसतात ते अंतर, मूळचा १० असतो आणि चिन्हांच्या पिना १० च्या पटीत बसवलेल्या असतात. जी ही कळ दाबली की स्नॅप निम्मा होतो. दुसरंच काही करताना ती चुकून दाबली जाते, स्नॅप ५ वर येतो, आणि पुढची तार पिनच्या अगदी शेजारी पण पाच एकक बाजूला सुटते. नेहमीच्या झूमवर हे डोळ्यांना कळत नाही. शिफ्ट आणि जी दाबून स्नॅप पुन्हा १० वर आणा. भरकटलेला भाग निवडून आल्ट आणि यू दाबलं की तो सध्याच्या ग्रिडवर सरकतो. क्रम हाच ठेवा: आधी स्नॅप, मग आल्ट-यू. उलट केलंत तर सगळं पाचच्याच ग्रिडवर बसलेलं राहील.

जोडणी तपासायला तारेवर क्लिक करून के दाबा. त्या नेटवर (एकमेकांना जोडलेल्या तारांच्या गटावर) जे जे आहे ते सगळं एका रंगात उजळतं. इन उजळल्यावर दोन्ही गेट आणि स्रोताचं वरचं टोक रंगलं नाही, तर तुटलेली जागा तिथेच सापडली. शिफ्ट आणि के दाबलं की रंग जातो. प्रत्येक नेटसाठी हे करायला मिनिटही लागत नाही. सिम्युलेशनआधी ते करायची सवय लावूनच घ्या.

दोन तारा एकमेकींना ओलांडून गेल्या तर एक्सस्केम त्यांना जोडत नाही. एकीचं टोक दुसरीच्या अंगावर येऊन थांबलं तरच जोडणी होते आणि तिथे ठिपका दिसतो. अधिकच्या चिन्हासारखी फुली काढून चारही बाजू जोडल्या असं धरू नका. तीन बाजूंचा जोड दोनदा, थोड्या अंतराने काढा. वाचणाऱ्यालाही ते स्पष्ट दिसतं. तारांचे तुकडे एकावर एक चढले असतील तर अँपरसँड कळ ते नीट जोडून एकसंध करते.

डब्ल्यू (रुंदी) आणि एल (लांबी) यांत यू लिहू नका

स्काय१३० मध्ये सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष हा आहे. एनजीस्पाइस म्हणतो, कुड नॉट फाइंड अ व्हॅलिड मॉडेलनेम. साहजिकच माणूस मॉडेलची फाइल शोधत बसतो, पाथ बदलतो, पीडीके पुन्हा इन्स्टॉल करतो. फाइल मात्र जागेवरच असते.

स्काय१३० च्या मॉडेल लायब्ररीत स्केल हा पर्याय १ मायक्रोवर ठेवलेला आहे. तुम्ही डब्ल्यू=१ लिहिलं की सिम्युलेटर ते १ मायक्रोमीटर समजतो. एक्सस्केमच्या साध्या, कुठल्याच पीडीकेच्या नसलेल्या एनमॉस चिन्हात किंवा जुन्या स्पाइस धड्यांत १यू (यू म्हणजे मायक्रो) लिहिलेलं असतं. तीच सवय इथे आली की मायक्रो दोनदा लागतो आणि रुंदी १ मायक्रोमीटरऐवजी १ पिकोमीटर होते. या पीडीकेतलं मॉडेल एकसंध नाही. लांबी-रुंदीच्या टप्प्यांनुसार त्याचे अनेक तुकडे केलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला किमान-कमाल मर्यादा आहे. पिकोमीटर कुठल्याच टप्प्यात बसत नाही, म्हणून मॉडेल सापडलं नाही असं उत्तर येतं. एररचे शब्द दिशाभूल करतात, आकडा मात्र नेटलिस्टमध्ये उघड दिसत असतो.

याच एररचं दुसरं कारण म्हणजे एल=०.१३. प्रक्रियेचं नाव १३० नॅनोमीटर आहे म्हणून ही किंमत टाकली जाते. पण १.८ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरची किमान लांबी ०.१५ आहे. रुंदी ०.४२ च्या खाली नेऊ नका. शिकताना खालच्याला डब्ल्यू=१, वरच्याला डब्ल्यू=२, दोन्हींना एल=०.१५ हे ठीक. दोन्ही चिन्हं ठेवताना डब्ल्यूमध्ये १ च भरलेला येतो. पीमॉसचा बदलायचा राहिला तर इन्व्हर्टर चालतो, पण इनपुटच्या ज्या व्होल्टेजला आऊटपुट उलटतं तो मध्यापासून बराच खाली सरकतो. पीमॉसमधले होल इलेक्ट्रॉनपेक्षा संथ असतात, म्हणून त्याला रुंदी जास्त लागते. डब्ल्यू=२ देऊनही हा बिंदू ०.९ च्या किंचित खालीच राहतो. तो दोष समजू नका.

बॉडीचं टोक

चार टोकांच्या चिन्हात बॉडी वेगळी जोडावी लागते आणि ती विसरली तर नेटलिस्टमध्ये चौथ्या जागी नेट१ दिसतो. हा सोपा प्रकार झाला. पीमॉसची बॉडी ग्राउंडला लागणं जास्त वाईट. सोर्स १.८ वर आणि एन-वेल (पीमॉसची बॉडी) शून्यावर गेली की त्यांच्यामधला डायोड सरळ दिशेने चालू होतो, आणि पुरवठ्यातून भलामोठा प्रवाह वाहतो. आऊटपुटचा आकार कधीकधी बरा दिसतो. म्हणून व्ही१ मधला प्रवाह एकदा काढून पाहा. इनपुट स्थिर असताना तो नगण्य असला पाहिजे.

सर्वांत फसवं आहे ते तीन टोकांचं चिन्ह, म्हणजे एनफेट३ आणि पीफेट३. त्यात बॉडी चित्रात दिसत नाही. ती गुणधर्मांत लिहिलेली असते, पीमॉससाठी व्हीडीडी आणि एनमॉससाठी जीएनडी. तुमच्या पुरवठ्याचं नाव व्हीसीसी असेल तर बॉडी मात्र व्हीडीडी नावाच्या, दुसरं काहीच न जोडलेल्या नेटवर जाऊन बसते. चित्रात चूक शोधून सापडणार नाही, कारण ती चित्रात नाहीच. चिन्ह निवडून क्यू दाबा, बॉडीपुढचं नाव तुमच्या पुरवठ्याशी जुळवा. शिकणाऱ्याने चार टोकांचंच चिन्ह वापरावं असं आमचं ठाम मत आहे. दोन तारा जास्त काढाव्या लागतात, पण लेआऊटला आणि नंतरच्या एलव्हीएसला (लेआऊट आणि स्केमॅटिक जुळतात का या तपासणीला) त्याच तारा उपयोगी पडतात.

नावांचे सापळे

एक्सस्केमला आऊट मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत लिहिलेलं वेगवेगळं वाटतं, एनजीस्पाइसला ते एकच. म्हणजे चित्रात दोन स्वतंत्र नेट काढले आणि त्यांच्या नावांत फक्त लहान-मोठ्या अक्षरांचाच फरक असेल, तर सिम्युलेशनमध्ये ते शॉर्ट होतात. के दाबून उजळवलं तरी हे दिसत नाही. सगळी नावं एकाच प्रकारच्या अक्षरांत ठेवा.

स्पाइसमध्ये ओळीचं पहिलं अक्षर घटकाचा प्रकार ठरवतं. व्होल्टेज स्रोताचं नाव हौसेने इनपुट ठेवलं तर ओळ आयने सुरू होते आणि तो करंट स्रोत बनतो. सप्लाय ठेवलं तर एस, म्हणजे स्विच. इन्व्हर्टरचं स्वतःचं चिन्ह बनवून त्याला इन्व्ह१ नाव दिलं तर तोही करंट स्रोतच ठरतो. व्होल्टेज स्रोत व्हीने आणि उपसर्किट (वेगळं लिहून नावाने बोलावलेलं सर्किट) एक्सने सुरू झालंच पाहिजे. स्काय१३० चे ट्रान्झिस्टरही उपसर्किटच आहेत, म्हणून नेटलिस्टमध्ये एम१ च्या आधी एक्स लागतो. चिन्हाच्या गुणधर्मांतला स्पाइसप्रीफिक्स पुसला गेला तर तो एक्स जातो आणि मॉडेल सापडत नाही.

किमतीत मोकळी जागा असेल तर ती दुहेरी अवतरण चिन्हांत लिहा. पल्सची ओळ अवतरणाविना लिहिली की एक्सस्केम पहिल्या मोकळ्या जागेपाशी किंमत संपली असं धरतो. नेटलिस्टमध्ये पल्स(० एवढंच दिसलं तर कारण हेच.

एकाच नावाचे दोन घटक झाले का ते हॅश कळ उजळवून दाखवते.

ग्राउंड

जीएनडी हे नाव एनजीस्पाइस शून्य नोड म्हणूनच घेतो. व्हीएसएसला हा मान नाही, ते इतर कुठल्याही नेटसारखं साधं नाव आहे. खालच्या ट्रान्झिस्टरच्या सोर्सला व्हीएसएस लेबल लावलं असेल तर व्हीएसएस आणि जीएनडी यांच्यामध्ये ० व्होल्टचा स्रोत ठेवा. तो नसेल तर व्हीएसएस हवेत राहतो आणि इनपुट कितीही वर नेलं तरी आऊटपुट शून्यावर उतरत नाही.

चिन्ह किंवा मॉडेल सापडत नाही

नेटलिस्टमध्ये घटकाच्या जागी इज मिसिंग अशी तारांकित ओळ असेल, तर एक्सस्केमला चिन्हाची फाइलच मिळालेली नाही. पीडीकेसोबत येणारी एक्सस्केमआरसी ही फाइल त्याने वाचलेली नसते. ती तुमच्या कामाच्या फोल्डरात आणा आणि एक्सस्केम त्याच फोल्डरातून सुरू करा. पीडीके_रूट हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल पीडीकेच्या मूळ फोल्डरकडे आणि पीडीके हा स्काय१३०ए कडे बोट दाखवतो आहे ना, तेही पाहा. डेस्कटॉपवरच्या आयकॉनने उघडल्यावर टर्मिनलमध्ये ठेवलेले व्हेरिएबल लागू होत नाहीत. काल चालत होतं, आज नाही, यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

चिन्हं दिसतात पण एनजीस्पाइस अननोन सबसीकेटी म्हणतो? मग मॉडेल लायब्ररीची ओळ नाही. कॉर्नरचं चिन्ह चित्रात ठेवा आणि टीटी (सरासरी ट्रान्झिस्टर) निवडा. तेच चिन्ह ती ओळ लिहून देतं.

इन्व्हर्टरचं चिन्ह बनवल्यानंतर

स्केमॅटिकमध्ये इनपुट-आऊटपुटचे पोर्ट ठेवून ए दाबलं की चिन्ह तयार होतं. पुढे स्केमॅटिकमधला पोर्ट आऊटचा वाय केला आणि चिन्ह तसंच राहिलं, तर उपसर्किटच्या पहिल्या ओळीत जुनं आऊट येतं, आत मात्र वाय असतो. दोन्ही लोंबकळतात. नेटलिस्ट बनवल्यावर येणारे ईआरसीचे (जोडणीच्या नियमांच्या तपासणीचे) संदेश हे सांगतात, ती खिडकी न वाचता बंद करू नका. पोर्टचं नाव बदललं की चिन्हही त्याच वेळी बदला. पुरवठा आणि ग्राउंड हेही पोर्ट म्हणूनच बाहेर काढा. सगळीकडे लागू होणाऱ्या व्हीडीडीवर विसंबलात तर एका चिपवर दोन पुरवठे आले की अडकाल.

सगळं बरोबर, तरीही काही चालत नाही

एलव्हीएससाठी नेटजेन या प्रोग्रामला नेटलिस्ट दिल्यानंतर हा प्रकार होतो. सिम्युलेशन मेनूत, एलव्हीएसच्या खाली, टॉप लेव्हल इज अ सबसीकेटी असा पर्याय आहे. तो चालू राहिला तर सुरुवातीच्या त्या ओळीपुढच्या दोन तारका जातात, अख्खं सर्किट एका उपसर्किटात गुंडाळलं जातं, आणि ते उपसर्किट कोणीच बोलावत नाही. एनजीस्पाइसच्या दृष्टीने सर्किट रिकामं असतं. खूण काढा, नेटलिस्ट पुन्हा बनवा.

चित्रातला एखादा घटक फिका दिसत असेल आणि नेटलिस्टमध्ये त्याची ओळच नसेल, तर निवडलेला असताना शिफ्ट आणि टी दाबलं गेलं आहे. त्याने घटक नेटलिस्टमधून वगळला जातो. पुन्हा तेच दाबा.

चालतं, पण आलेख चुकीचा

व्होल्टेज स्रोताच्या चिन्हात किंमत ३ भरलेली येते. १.८ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरला ती देऊ नका. कपॅसिटरच्या चिन्हात १ पिकोफॅरॅड येतो. या लहान ट्रान्झिस्टरांना तो जड पडतो, ४ नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये आऊटपुट टोकापर्यंत धड पोचत नाही आणि लाट त्रिकोणी दिसते. १०एफ लिहा, म्हणजे १० फेम्टोफॅरॅड. एफ म्हणजे फॅरॅड नव्हे, आणि एम लहान-मोठा कसाही लिहिला तरी तो मिली. मेगासाठी मेग लिहावं लागतं.

डीसी स्वीपच्या (एक व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलून पाहण्याच्या) ओळीत स्रोताचं नाव हुबेहूब लागतं. वरच्या नेटलिस्टमध्ये इनपुट व्ही२ आहे. धड्यातली व्ही१ ची ओळ तशीच चिकटवली तर तुम्ही पुरवठाच ० ते १.८ फिरवत बसाल, आणि आलेख येईल म्हणून चूक कळणारही नाही. हवी ती ओळ अशी: .डीसी व्ही२ ० १.८ ०.०१. ट्रान्झियंटसाठी (वेळेनुसार होणारा बदल पाहण्यासाठी) पायरी १०पी आणि एकूण वेळ २०एन पुरे. पायरी १एन ठेवलीत तर १०० पिकोसेकंदांच्या कडांचं बारीक चित्र मिळणार नाही आणि विलंब मोजण्यात अर्थ उरणार नाही.

सिम्युलेशन सुरू व्हायलाच खूप वेळ लागत असेल तर .स्पाइसइनिट ही फाइल तपासा. तिच्यात एनजीबिहेवियर एचएसएवर आणि एनजी_नोमॉडचेक चालू, अशा दोन सेट ओळी हव्यात. फाइल होम फोल्डरात किंवा सिम्युलेशन ज्या फोल्डरात चालतं तिथेच ठेवा. चित्राच्या फोल्डरात ठेवून उपयोग नाही, कारण एनजीस्पाइस तिथून चालतच नाही.